मोरीतलं फिनेल

"मोरीत फिनेल ओतू नका हो!" सांडपाण्याच्या प्लांटवरचा ऑपरेटर घरोघरी सांगून थकला होता. टाकीतल्या तपकिरी गाळातले जंतूच गावाची घाण खातात, पाणी साफ करतात आणि फिनेलनं तेच मरतात, हे त्यानं हात जोडून सांगितलं, भांडून सांगितलं. लोक या कानानं ऐकायचे, त्या कानानं सोडून द्यायचे. महिनोन् महिने जपून वाढवलेला गाळ पुन्हा मरायला लागला, तेव्हा बहिणीकडे जायच्या आदल्या संध्याकाळी तो भर चौकात तडकला. "मी एकटाच मरतोय इथं! तुम्हाला कुणाला काही पडलीय का?"

आठवड्यानं तो परतला, तर शेजारच्या काकू फाटकातच उभ्या.

"तुझं बोलणं फार लागलं रे आम्हाला. तू गेल्यापासून कुणीसुद्धा मोरीत फिनेलचा थेंब ओतला नाही."

त्याचा कानांवर विश्वास बसेना. "खरंच, काकू?"

"मग! घरोघरचं फिनेल जमवलं, आणि काल सगळ्यांनी मिळून त्यानंच तुझी टाकी उपसून, घासून लख्ख केली. केवढा गाळ साचू दिला होतास रे!"