पहिलं माप

“चारशे नव्व्याण्णव.” द्रिस मास्तरांनी ऑलिव्हच्या बिया तिसऱ्यांदा मोजल्या आणि हात झटकले.

गावचे मुकादम बुजमा डोकं धरून ओट्यावर बसले. माणशी एक बी पिशवीत टाकत चार दिवस ते तिझगाच्या घराघरांत फिरले होते. गावात पाचशे माणसं भरली तरच दवाखाना इथं राहणार होता, नाहीतर नर्सबाई चालली नदीपलीकडे. गावाच्या माहितीचा कागद आज दुपारच्याच बसनं कचेरीत पाठवायचा होता.

कागदावरचे बाकीचे रकाने भरून झाले होते. भूगोल: डोंगराचा उतार, एक झरा, ऑलिव्हची झाडं. इतिहास: कुणा पूर्वजाची हरवलेली गाढवीण झऱ्याशी सापडली, ती काही केल्या हलेना, म्हणून माणसंही इथंच राहिली. लोकसंख्येपाशी मात्र पेन अडलं होतं.

“त्या गाढविणीलाच धरा की मोजणीत,” मुकादमांची बायको इत्तो पुदिन्याचा चहा ओतत म्हणाली. “गावात शहाणी तेवढी तीच होती.”

“तू गप गं! इथं जीव टांगणीला लागलाय.”

“आणि माझे गुडघे? सुई टोचून घ्यायला नदी मला ओलांडायचीय, तुम्हाला नाही.”

मास्तर हळूच म्हणाले, “एकानं काय होतंय, मुकादम? लिहून टाकू पाचशे?”

“छे! अख्खं गाव खळ्यावर माझ्याकडून सातू मोजून घेतं. आजवर मापात खोट नाही केली, आता या वयात करू?”

मास्तरांचा पेला ओठाशीच थांबला. “माणसंही खळ्यावर मोजता तशीच मोजलीत?”

“मग? आणखी कशी मोजतात?”

“खळ्यावर पहिल्या मापाला काय म्हणता?”

“बरकत. ते मोजणीत नाही धरायचं. घराची सगळी भरभराट त्यातच असते. एक, दोन, तीन, ते त्याच्यानंतर...”

“सुरुवात कुठल्या घरापासून केलीत?”

“ह्याच.”

“पहिलं कोण?”

मुकादम भिंतीकडे बघत राहिले, बियांकडे बघत राहिले. इत्तोकडे तेवढं बघेनात. त्यांचे कान लाल झाले होते.

इत्तोनं किटली खाली ठेवली. पन्नास वर्षांच्या संसारात या माणसानं तिला ‘ऐकलंस का’ यापलीकडे काही म्हणून हाक मारली नव्हती.

मास्तरांनी हसत हसत पाचशेचा आकडा टाकला आणि कागदाची घडी घातली. बाहेर बसचा भोंगा वाजला.

“थांबा मास्तर, तो ड्रायव्हर माझा भाचाच आहे.” इत्तो डोक्याचा रुमाल सारखा करत नवऱ्यासमोर येऊन बसली. “मोजायला चुकलात ना? मग मोजा परत. माझ्यासमोर, पहिल्यापासून. आणि मोठ्यानं.”