हवेतला वस्तरा

मेट्रोच्या कामासाठी दुकानासमोर पत्रे उभे राहिले आणि न्हावीकाकांची गिऱ्हाइकं आटली. पत्र्यांपलीकडचं मशीन जमिनीत खांब ठोकायचं, दुकान हादरायचं, म्हणून काका प्रत्येक ठोक्याला वस्तरा हवेत धरायचे. एका दुपारी धुळीने माखलेला तरुण दाढीला बसला. काका दोनदा वस्तरा फिरवायचे की हात वर. "काका, हात दुखतोय?" "हात ठणठणीत आहे. ठोका जाऊ दे, नाहीतर तुझा कान जायचा." "मशीन तर बंद आहे." काकांनी ऐकलं. खरंच शांत होतं. "भरदुपारी कसं काय बंद?" "चालवणारा इथे बसलाय." काका पोट धरून हसले. "मग रोज येऊन बसत जा बाबा." दुसऱ्या दिवशी काकांनी एका गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावला आणि मशीन थांबलं. पत्र्यांच्या वर, उंच केबिनमधून तो स्वतःच्या गालावर हात फिरवून खुणावत होता, "उरका."