चार ते सहा

डॉक्टरांनी विचारलं तशी सिंधूताई खोपकर सवयीने म्हणाल्या, “बरं आहे.” सासरी चाळीस वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, तापाने फणफणतानासुद्धा.

“काही बरं नाही!” शेजारच्या स्टुलावरून रुबीना मुजावर कडाडली. “डावा गुडघा सकाळपासून ठणकतोय. कालची गोळी बदला.”

दोघींच्या मनगटांवर सारखेच पट्टे होते. सोबत कोणी नसलेल्या पेशंटला इस्पितळ असा एक रुग्णमित्र द्यायचं. पेशंटचं दुखणं पट्ट्यातून त्याच्या अंगात उतरायचं आणि पेशंटच्या वतीने तो डॉक्टरांशी भांडायचा. सिंधूताईंनी यादीतून रुबीनाला निवडलं, ते तिच्या खणखणीत आवाजासाठी.

“आणखी एक,” रुबीना म्हणाली. “रोज चार वाजले की छातीत दाटून येतं. सहाला ओसरतं.”

डॉक्टरांनी आलेख पुन्हा पाहिला. “हृदय तर ठणठणीत आहे. चारला काय होतं, आजी?”

“कुठं काय!”

तेवढ्यात वॉर्डचं दार उघडलं. भेटायची वेळ झाली होती. डबे, थर्मास घेऊन माणसं आत शिरली आणि आपापल्या खाटांकडे पांगली. सिंधूताईंच्या खाटेकडे कोणी वळलं नाही.

“हे बघा, आत्ता!” रुबीनाने छाती दाबून धरली. मग तिची नजर दाराकडे गेली आणि तिचा तो मोठा आवाज बसलाच.

“तुला गं कशाला हा ताप?” म्हणत सिंधूताईंनी आपला पट्टा काढून उशीखाली सारला. रुबीनाचा हात छातीवरून हळूहळू खाली आला.

“आता बरं वाटतंय ना?” त्यांनी विचारलं.