एकच जागा

"बॅटरी काढली की आतलं सगळं पुसलं जातं, काका," तोबे म्हणाला. "म्हणून आधी नवी जोडून घ्यायची, मग जुनी काढायची. घाबरू नका."

"घाबरत नाही," इसामु म्हणाला. "पण त्याच्या हातचं एवढंच उरलंय."

किनुए कलिंगड कापत होती. सुरी जराशी थांबली, मग पुन्हा चालू लागली.

ओबोनचा, पितरांच्या सणाचा, दुसरा दिवस होता. देव्हाऱ्यापुढे पितरांना आणायला काकडीचा घोडा आणि परत न्यायला वांग्याची गाय उभी होती. त्यांच्याशेजारी इसामु-किनुएच्या मुलाचं, कोहेईचं, हातात मावणारं राखाडी खेळयंत्र. सहावीत असताना कोहेईला ताप आला आणि तो इस्पितळातून परतला नाही. हे यंत्र तेवढं परतलं. दर ओबोनला इसामु ते चालू करी. पडद्यावर गवताची टोपी घातलेला इवलासा पोरगा कड्याच्या टोकावर, समुद्राकडे तोंड करून उभा असे. वर नाव, कोहेई. इसामु थोडा वेळ बघे आणि बंद करी. त्या पोराला एक पाऊलही पुढे टाकू देत नसे. "माझ्या बोटांना ती बटणं कळत नाहीत," म्हणे.

तोबे हा कोहेईचा वर्गमित्र. स्टेशनजवळ त्याचं जुनी खेळयंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान होतं.

"कलिंगड खा आधी," किनुए म्हणाली. "आणि शर्टाला हात पुसू नकोस. लहानपणापासून तीच खोड."

"काकू, चाळिशी उलटली माझी."

"मग आता तरी सोड."

तोबेने हात पँटीला पुसले आणि यंत्रात बसणारी खेळाची डबी उजेडात धरून तिच्यावरचं नाव वाचलं. "दीपगृहाची वाट. टीव्हीवरच्या मोठ्या यंत्रात हा खेळ काय दिसायचा! निळाशार समुद्र, लाटा, पाऊस. या लहान्यात सगळं शेवाळी. जेवढं मावलं तेवढं घातलं, बाकीचं काढून टाकलं. मोठ्यात आम्ही पूल ओलांडून थेट कड्यावर धावत सुटायचो."

"यात पूल नाही," इसामु म्हणाला. "नावाडी आहे. मासे दिल्याशिवाय तो होडी सोडत नाही."

किनुएने मान वर केली नाही. तो नावाडी तिला पुरता ठाऊक होता.

कोहेई गेला त्या हिवाळ्यात इसामु रोज उशिरा घरी येई. कारखान्यात जादा काम आहे म्हणे. चेरीला फुलं आली तेव्हा त्याने हे यंत्र आणून देव्हाऱ्यापाशी ठेवलं आणि तिला दाखवलं, "हे बघ. इथवर पोचला होता." पुढे एका दुपारी ती घरात एकटी होती. तिला वाटलं, पोरगा जिथून चालत गेला तिथून आपणही चार पावलं चालावं. घरातल्या मोठ्या यंत्रात तीन जणांचा खेळ जपायला तीन जागा होत्या. एक कोहेईची, एक तोबेची आणि एक रिकामी. इथेही तसंच असणार असं तिने धरलं. नवा खेळ सुरू केला, पहिल्या गावातल्या धर्मशाळेत हीरोला झोपवलं. या खेळात झोपलं की तोवरचं सगळं जपलं जाई. पण लहान यंत्रात जागा एकच होती. धर्मशाळेत उजाडलं, तेव्हा कड्यावरचा पोरगा पुसला गेला होता.

त्यानंतर इसामु कामावर गेला की ती खेळायला बसे. नावाड्यापाशी तर ती कितीतरी दिवस अडकून पडली. पण नाव तेच घातलं, टोपी तीच मिळवली, कडा तोच, तोंड समुद्राकडे. ओबोनला इसामुने यंत्र चालू केलं, पाहिलं, बंद केलं. फरक त्याला कळला नाही. तेव्हापासून दरवर्षी तो पडद्यापुढे बसला की किनुए काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाई.

तोबेने यंत्र चालू केलं आणि भुवया उंचावल्या. "कोहेई? हा स्वतःचं नाव कधीच घालायचा नाही, काकू. मोठ्यात आमच्या हीरोचं नाव होतं पादरा. त्याच्या आधी शेंबडा. एकदा पीटीच्या सरांचं नाव घातलं आणि त्यांना मुद्दाम घुबडाच्या तोंडी दिलं."

किनुएला ते ठाऊक होतं. म्हणून तर तेव्हा पडद्यावरचं ते नाव तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. आजारपणात पोराला काहीतरी उमगलं असणार, असं तिला वाटलं होतं.

"याची एक प्रत काढून ठेवतो," तोबे म्हणाला. "वर्गातल्या सगळ्यांना दाखवीन. कोहेई स्वतः जिथे थांबला, ती जागा."

"आणि अगं," इसामु म्हणाला, "मी गेलो की हे शवपेटीत माझ्यासोबत ठेव. आठवणीनं."

किनुएने सुरी खाली ठेवली.

"नको," ती म्हणाली. "ते त्याच्या हातचं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. त्या दुपारचं, धर्मशाळेचं, एकाच जागेचं. बाहेर रातकिडे ओरडत होते. तोबेने हातातली फोड ताटलीत ठेवली. इसामुने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"मग पुसलं जायच्या आधी नाव काय होतं, काकू?" तोबेने हलकेच विचारलं.

"हेच. कोहेई. मी सगळं जसंच्या तसं केलंय रे."

इसामुने अंगठ्याने पडदा पुसला.

"जागा एकच असते हे मलाही ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "सगळा हिवाळा स्टेशनवरच्या बाकावर बसून खेळत काढला. टोपी आठवत होती, कडा आठवत होता. त्यानं नाव काय ठेवलं होतं, तेवढं काही केल्या आठवेना. म्हणून मग त्याचंच घातलं."