कोरडा नकाशा

लाल रेघ सरळ तळ्यातून चालली होती. दंतवैद्याने डोळे पुसून पुन्हा बघितलं. रेघ बुडायचं नाव घेईना.

"उजवीकडे," होणारे सासरे म्हणाले. त्यांच्या गळ्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती आणि पिशवीत नकाशा होता. समोर वाट फुटली होती. डावी वर डोंगराच्या धारेवर चढत होती, उजवी खाली उतरत पावसात दिसेनाशी होत होती.

"काका, मध्ये तळं दिसतंय," तो बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"नकाशा जुना आहे. तळी आटतात."

पाऊस सकाळपासून धो धो कोसळत होता. दंतवैद्य म्हणाला, "हो, आटतातच."

बिचारा काय करणार! त्याचं लग्न या माणसापाशी अडलं होतं. मुलगी म्हणाली होती, आधी बाबांबरोबर एकदा डोंगरात चल, मीही येते, मग बघू. आणि निघताना मुलीच्या आईने त्याला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं होतं, "त्यांची चूक तेवढी काढू नका हो. मागच्या मुलाने काढली होती." तो मागचा मुलगा त्या घरात पुन्हा कोणाला दिसला नव्हता.

मुलीचे वडील विमा कंपनीत साहेब होते. निवृत्त झाले, पण साहेबपण काही सुटलं नाही. बायकोही त्यांना साहेबच म्हणे. गेला आठवडाभर घरात या नकाशाचं बाळंतपण चाललं होतं. त्याला दोन्ही बाजूंनी पाणी न शिरणारा लेप दिला गेला. तो दोरीवर वाळत पडला आणि धुतलेले कपडे खुर्च्यांवर गेले. जेवणाच्या टेबलावर त्याच्या घड्या पडत होत्या, म्हणून घरच्यांनी ताटं मांडीवर घेतली. शाई पावसात पसरते आणि पेन्सिलीने कागद दुखावतो, म्हणून साहेबांनी वाटेची रेघ नकाशावर मारलीच नाही. ती पिशवीवर मारली, बाहेरून, मेणाच्या लाल पेन्सिलीने.

"बाबा, नकाशाचे कोपरे आतून चिकटवा ना, नाहीतर हलेल तो," मुलगी गाडीतसुद्धा म्हणाली होती.

"चिकटवला तर बाहेर कसा काढणार?" साहेबांनी विषय मिटवला होता.

तर नकाशा सुखरूप होता, रेघही सुखरूप होती. दोघांची फक्त फारकत झाली होती. चालता चालता नकाशा पिशवीत चार बोटं खाली घसरला होता आणि रेघ जिथल्या तिथे राहिली होती.

साहेबांचा चष्मा पाण्याने भरला. पुसायचा म्हणून त्यांनी पिशवी गळ्यातून काढून दंतवैद्याच्या हातात दिली आणि पाठ फिरवून ते खिशात रुमाल शोधू लागले. दंतवैद्याचे हात वाकडं काही सहन न करणारे. त्याला कळायच्या आत अंगठ्यांनी नकाशा वर ढकलला. रेघ तळ्यातून निघाली आणि धारेवरच्या पायवाटेवर चपखल बसली. डावीकडे. थोडं चढलं की निवारा, निवाऱ्यामागे मोठा रस्ता. इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याला हसू आलं.

मग त्याला स्वयंपाकघर आठवलं. हसू गेलं. साहेबांनी वळून बघायच्या आत त्याने नकाशा हळूच खाली ओढला. रेघ परत तळ्यात गेली.

मुलगी मागे उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं. "तू बघितलास ना नकाशा? इथूनच जायचं ना नक्की?"

त्याने मान ताठ ठेवली. "काका म्हणतात तसंच आहे."

तळं आटलं नव्हतं. उलट चांगलं तब्येतीत होतं, आणि त्याच्या काठाला तिप्पट चिखल होता. साहेब गुडघ्यापर्यंत गेले आणि म्हणाले की हा भाग नकाशात चुकीचा दाखवलाय. मुलगी कमरेपर्यंत गेली. दंतवैद्याने तिला दोन्ही हातांनी ओढून काढलं, अगदी मनापासून काढलं, पण तिचा एक बूट आतच राहिला. पुढची सगळी वाट ती एका बुटावर चालली. त्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. तिचा पाय दुखत असेल असं त्याला वाटलं आणि त्याला खरंच फार वाईट वाटलं.

अंधारून येताना ते कसेबसे बसथांब्याच्या पत्र्याखाली पोचले. तिघांच्याही अंगावर कोरडं म्हणावं असं सूतभर कापड नव्हतं. साहेबांनी पिशवी उघडली, नकाशा गालाला लावून बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. "एक थेंब नाही आत! एक थेंब नाही!"

"कमाल आहे, काका," दंतवैद्य दात वाजवत म्हणाला.

"काका काय? आता बाबा म्हण!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "दिवसभरात एकदा वाकड्यात शिरला नाही पोरगा. आपल्याला पसंत आहे." आणि थांब्यावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला कोरडा नकाशा दाखवायला ते पलीकडे गेले.

दंतवैद्याचा जीव भांड्यात पडला. तो मुलीशेजारी बाकावर बसला. ती मोजा पिळत होती.

"ऐकलंस? हो म्हणाले!"

"ते हो म्हणणारच होते. विचारलं कोणी होतं त्यांना?" तिने मोजा पुन्हा पिळला. "तू नकाशा वर सरकवलास ना, तेव्हा मला इतका आनंद झाला, काय सांगू! मग तू तो परत खाली ओढलास. न कळता चुकणाऱ्या बाबांची मला सवय आहे रे. पण कळून मला चिखलात नेणारा नवरा नको मला."