उंच टपाची शेवरलेट

फाटकातून ती गाडी मैदानात वळली आणि मंचावर माईक धरून उभ्या असलेल्या मार्लिसनं ती लांबूनच ओळखली.

पुढून ती एकोणसाठ सालची साधी शेवरलेट होती. मागचे पसरलेले पत्र्याचे पंखही शाबूत होते. मधलं मात्र सगळं बदललेलं. पुढच्या सीटमागचा टप कापून हातभर वर उचललेला, त्याला दुधाच्या जुन्या व्हॅनच्या काचा बसवलेल्या, आणि मागचं दार गुरांच्या गाडीसारखं खाली पडणारं, म्हणजे चाकांची खुर्ची थेट आत चढावी. जिथे जिथे जोड होते तिथे रंग जरासा वेगळा दिसत होता. हे सगळं मार्लिसच्या वडिलांनी, एमिल व्होपातनी, शेतावरच्या शेडमध्ये आपल्या हातांनी केलं होतं. ती गाडी घेऊन ते इतक्या लांब येतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या त्या शहरातला जुन्या गाड्यांचा मेळा म्हणजे मोठी प्रतिष्ठेची गोष्ट. मंचासमोरून एकेक गाडी सावकाश जायची आणि मार्लिस तिची ओळख करून द्यायची. सकाळच्या रेडिओमुळे तिचा आवाज घरोघरी ठाऊक होता, म्हणून तर मेळा भरवणाऱ्या क्लबनं तिला बोलावलं होतं. आतापर्यंत आलेल्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशाच्या तशा, आरशासारख्या लखलखीत. क्लबचे अध्यक्ष लुंडीन तिच्या शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा नाकावर सारला आणि हे काय प्रकरण आहे, कोणाचं आहे, असं हळूच विचारलं.

मला नाही ठाऊक, असं मार्लिस म्हणाली.

शेवरलेट मंचासमोर आली. लोक माना उंचावून बघत होते. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि जे बोलू त्यानं आपला या गाडीशी काही संबंध नाही हे सगळ्यांना कळायला हवं होतं.

"मंडळी, याला काय म्हणायचं ते मला विचारू नका," ती माईकमध्ये म्हणाली. "अर्धी शेवरलेट, अर्धं खुराडं. आत माणूस आहे की कोंबडी, ते बघून सांगते."

सगळं मैदान हसलं. लुंडीन तर मांडीवर थाप मारून हसले. तेवढ्यात तिला काचेआड, नेहमीच्या गाडीत कुणाचंच डोकं पोचणार नाही इतक्या उंचीवर, आईची निळी हॅट दिसली.

मध्ये बँडची एक धून होती. मार्लिस मंचावरून उतरली आणि मागच्या बाजूला गेली. एमिलनी गाडी सावलीत लावली होती. ते बाजूला उभे राहून रुमालानं मान पुसत होते. तिला बघून ते हसले, नेहमीसारखेच. सकाळी लवकर निघालो, तुझ्या आईचा फार हट्ट होता, असं काहीसं ते सांगू लागले. कळवायला हवं होतं, हेही म्हणाले. मार्लिसला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ती त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. बुटांना पॉलिश केलेलं होतं.

वरची काच सरकली. आई, लव्हॉन व्होपात, खुर्चीत ताठ बसली होती. ओठांना रंग लावलेला, गळ्यात चर्चला जाताना घालायची ती माळ.

"मार्ली, काय म्हणालीस गं आमच्या गाडीबद्दल?" तिनं विचारलं. "इंजिनच्या आवाजात मला मेलं काही ऐकू आलं नाही. सगळे हसले तेवढं कळलं."

मार्लिसनं तोंड उघडलं.

"अशी गाडी अख्ख्या मेळ्यात दुसरी नाही, म्हणाली," एमिल म्हणाले. रुमालाची घडी घालण्यात ते गुंतले होते. त्यांच्या बाजूची काच खाली होती. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

लव्हॉनचा चेहरा फुलला. मग आपण आणखी एक फेरी मारू या, असं ती नवऱ्याला म्हणाली. इंजिन हळू ठेवा, या वेळी मला नीट ऐकायचंय. एमिल म्हणाले, राहू दे, रांगेत लोक थांबलेत. पण ती ऐकेना. शेवटी त्यांनी मुलीकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ये तू बाबा," ती कशीबशी म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना."

ती मंचावर परतली. शेवरलेट पुन्हा आत वळली. ती अजून फाटकातच होती, तोवर लोकांच्या चेहऱ्यांवर हसू उमटूही लागलं होतं. सगळे मार्लिसकडे बघत होते. गाडी समोर आली, जवळजवळ थांबलीच. इंजिनचा आवाज उतरला. मार्लिसनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"आत माझी आई आहे," ती म्हणाली.

मघापेक्षाही मोठा हशा उठला. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. वा मार्लिस, म्हणत लुंडीननी डोळे पुसले.

"खरंच," ती म्हणाली. "ती माझी आई आहे. बाबांनी तिच्यासाठी..."

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते, हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. काचेआड लव्हॉननं हॅट सारखी केली आणि हात उंच करून सगळ्या मैदानाला अभिवादन केलं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.