स्पंजची हिरवी बाजू

मुलगी बघायला गेलं की पोह्यांआधी सगळ्यांनी हेडफोन चढवायचे, ही रीत आता इचलकरंजीतही रुळली होती. त्यातून समोरच्याचं बोलणंही ऐकू यायचं आणि मनातलंही. महागडे हेडफोन मनातलं जरा धुऊन, इस्त्री करून ऐकवत, म्हणून लग्नं जमत.

सुमंत टिपरेचे हेडफोन स्वस्तातले होते आणि त्याने ते घरीच सुधारले होते. आत भांडी घासायचा स्पंज कोंबल्यापासून लोकांच्या मनातलं इतकं स्वच्छ ऐकू येई, की प्रत्येक स्थळी तो पोहे अर्धे टाकून उठे.

"या वेळी चांगले घे रे बाबा," निघताना आई वैतागून म्हणाली होती.

"आई, त्यात खालचे सूर दबतात."

"नोकरी कायम आहे ना?" या नव्या स्थळी पोहोचताच मुलीच्या वडिलांनी विचारलं. मनात ते म्हणाले, 'हा डोक्याला टोपलं बांधून का आलाय?'

सुमंत उठणार, तेवढ्यात केतकी पोहे घेऊन आली. "घ्या ना," ती लाजून म्हणाली. मनात म्हणाली, 'स्पंज बाहेर डोकावतोय. हिरवी बाजू आत घातलीय, बावळट. पिवळी घालायची.'

सुमंतने तिथेच चमच्याने हेडफोन उघडला, स्पंज फिरवला आणि पुन्हा चढवला. "आता?"

'आता बरं. मी तर माझ्यात आईच्या पैठणीचा पदर कापून घातलाय.'

केतकीची आई ताडकन उठली. तिचे हेडफोन लेकीनेच सुधारून दिले होते.

"टिपरेवहिनी," ती सुमंतच्या आईला म्हणाली, "जवळचा मुहूर्त काढा. माझ्या अजून दोन पैठण्या शिल्लक आहेत."